चौथं पाणी

सुधाकर, तुझ्यावर लिहायला बसलो तेव्हा एकच गोष्ट तपासायची राहिली होती. पाणी तीन की चार?

बाकी सगळं मला पाठ होतं. बाभुळगावच्या रस्त्यावरची तुझी रोपवाटिका, हिरव्या जाळीखाली मांडलेले ट्रे, त्यांच्या कप्प्यांत मातीऐवजी नारळाच्या काथ्याचा भुसा. तो भुसा वापरण्याआधी धुवावा लागतो आणि त्या प्रत्येक धुण्याला तुझ्याकडे 'पाणी' म्हणायचे. पहिलं पाणी, दुसरं पाणी. माझ्या जुन्या टिपणांत सगळीकडे तीन लिहिलं होतं, फक्त एका ठिकाणी चार. तीस वर्षं वर्तमानपत्रात काढल्यावर मेलेल्या मित्राबद्दलही चुकीचा आकडा छापवत नाही. म्हणून तुझ्या तेरवीनंतरच्या रविवारी तुझ्या घरी, नलूवहिनींकडे गेलो.

"तीनच," त्या म्हणाल्या. "पण आता टाकीतल्या पान्यानं."

"आता म्हणजे?"

"पावसाच्या पान्याची टाकी बांधली ना, तवापासून. त्या साली विहीर आटली, बोअरनं धुतलं, अन् सारी मिरची गेली. बोअरचं पानीच खारं निंघालं."

मी वहीत 'तीन' लिहिलं आणि पेन तसंच धरून बसलो. वहिनी चहा ठेवायला आत गेल्या. त्या एका वाक्यानं माझ्याजवळचा लेख निकामी झाला होता, हे त्यांना माहीत नव्हतं.

तो लेख मनात निम्मा तयार होता. त्याची सुरुवात आपल्या पहिल्या भेटीपासून होणार होती. शेतीच्या पुरवणीसाठी मी तुझ्याकडे आलो होतो. तू विटेएवढा तपकिरी ठोकळा माझ्या हातात दिलास, मग तो घमेल्यात ठेवून वर पाणी ओतलंस. चहा होईपर्यंत ठोकळा फुगून घमेल्याबाहेर आला होता.

"कोकोपीट," तू म्हणालास. "आमच्या इकडे सारे कोकोपीठ म्हणते. माह्या मायनं पयल्यांदा पाह्यलं तं पीठ समजून चायनी घेऊन आली."

"आपल्याकडे नारळ कुठे आहेत?"

"आपल्याकडे नारय देवापुढंच फुटते. हे तिकडून ट्रकनं येते, तामिळनाडूतून. दोरी वळून झाली की राह्यलेला कचरा हाये हा. कचऱ्यात मिरची लावतो मी, लिहा तुमी."

मी लिहिलं. पण खरी बातमी तू नंतर सांगितलीस. त्याआधी चार हंगाम तू परदेशी पीट वापरायचास. थंड देशांतल्या दलदलीतून खोदून काढलेला तो काळसर, मऊ, हलका थर नागपूरचा व्यापारी पोत्यांतून द्यायचा. रोपं त्यात उत्तम यायची, तक्रार काहीच नव्हती. मग तू कुठेतरी वाचलंस की त्या दलदलीत वीतभर थर साचायला शेकडो वर्षं लागतात. पुढचं पोतं तू आणलं नाहीस.

"कोनाची तरी दलदल खोदून आपन इथं मिरची लावून राह्यलो," तू म्हणालास. "ते खड्डे कोन भरन? व्यापारी म्हणे, तुले काय करा लागते, दलदल तुह्या बापाची हाये का. म्हणलं, नाही, म्हणूनच."

हे शेवटचं वाक्य मी नंतर अनेकदा वापरलं. पत्रकारितेच्या मुलांना शिकवताना वापरलं, इतर शेतकऱ्यांना सांगितलं. कधी न पाहिलेल्या दलदलीचा विचार करणारा माणूस बाभुळगावात राहतो, याचा मला अभिमान होता. तुझ्या शब्दावर मी कधी दुसरा पुरावा मागितला नाही, त्याचं मूळ या वाक्यात आहे.

तुझ्याकडून मी पुष्कळ शिकलो. धुतलेला भुसा मुठीत दाबायचा. बोटांच्या फटींतून थेंब यावेत, धार लागू नये. मग त्यातला एक थेंब जिभेवर घ्यायचा. काथ्या काढण्याआधी नारळाची सालं समुद्राकाठच्या खाऱ्या पाण्यात मुरवतात आणि ते मीठ भुशात उतरतं. ते धुवून निघालं नाही तर कोवळी मुळं जळतात. मीठ मोजायचं छोटं यंत्र मिळतं, हे मी तुला एकदा सांगितलं. तू जीभ बाहेर काढून दाखवलीस. "हे हाये ना. हिले सेल नाही लागत."

त्या जिभेवर मीही विश्वास ठेवला. खरं तर तुझ्या घरचा चहा मला पहिल्या दिवसापासून किंचित खारट लागायचा. घरात प्यायला बोअरचं पाणी होतं. वहिनी दूध नेहमी शेवटी, गॅस बंद करून घालायच्या. आधी घातलं की फाटायचं. पंधरा वर्षं मी हे पाहिलं. पाहुण्यानं चहाला नावं ठेवू नयेत म्हणून गप्प बसलो. बातमीदारानं विचारायला हवं होतं. तू त्याच पाण्यावर वाढलास, तुला ते गोडच लागणार. जी जीभ जन्मापासून ते मीठ चाखते, तिला ते मीठ कळत नाही, एवढी साधी गोष्ट आपल्या दोघांच्याही लक्षात आली नाही.

आपला एक वाद शेवटपर्यंत मिटला नाही. वर्तमानपत्रं चूक मोठ्या अक्षरात छापतात आणि खुलासा आतल्या पानाच्या कोपऱ्यात, यावर तुझा राग होता.

"चूक करता हत्तीएवढी, अन् माफी मांगता मुंगीएवढी," तू म्हणायचास.

"जागेचा प्रश्न असतो."

"जागेचा नसते पेपरवाल्या, लाजेचा असते. बरं, मी मेलो तं किती जागा देशील?"

"दोन कॉलम."

"फोटो धरून?"

"फोटो वेगळा."

"लिहून दे."

ट्रेमध्ये वाणाचं नाव लिहून खोचायची प्लास्टिकची पट्टी तू पुढे केलीस. मी तिच्यावर लिहिलं: सुधाकर, दोन कॉलम, फोटो वेगळा. ज्या वर्षी मला बातमीदारीवरून काढून टेबलावर, म्हणजे पानं लावायला बसवलं, त्या वर्षी तू मिरचीचं एक रोप कुंडीत लावून कार्यालयात आणून दिलंस. ती पट्टी त्याच कुंडीत खोचलेली होती. मी चार माणसांत पडलेला चेहरा घेऊन बसलो होतो. तू कुंडी खिडकीत ठेवलीस आणि म्हणालास, "ट्रेमधून काढलं की रोप दोन दिवस मान टाकते. मंग उठते." तुझ्यासारखं कुणी तेव्हा बोललं नव्हतं. ते झाड केव्हाच गेलं. कुंडी आणि पट्टी अजून खिडकीत आहेत.

आता त्या सालाबद्दल, ज्या साली मिरची गेली.

चार वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात तुझी विहीर आटली. भुसा धुण्याचं आणि रोपं शिंपण्याचं काम घरच्या बोअरवर आलं. धुण्याचं काम यमुनाबाईकडे होतं. ती झरी जामणीकडची, जंगलाला लागून असलेल्या कोलामांच्या पोडावरची, म्हणजे त्यांच्या वस्तीवरची. कापूस वेचायला नवऱ्यासोबत आली आणि तुझ्याकडे सहा वर्षं राहिली. हौदात भुसा टाकायचा, पाणी सोडायचं, पायांनी तुडवायचं, पाणी काढून द्यायचं. हे तीनदा. तुझ्याकडे हे काम करणारी दुसरी बाई नव्हती.

जूनच्या शेवटी रोपांच्या पानांची टोकं तपकिरी झाली. मग वाढ थांबली. दिग्रसकडचे शेतकरी रोपं न्यायला आले आणि ट्रे पाहून परत गेले. तू दुसऱ्या रोपवाटिकेतून रोपं आणून प्रत्येकाला घरपोच दिलीस. एकालाही नाही म्हटलं नाहीस. हेही इथे नोंदवलं पाहिजे.

त्या आठवड्यात मी आलो. आपण जाळीखाली उभे होतो.

"यमुनानं दोन पानी चोरले," तू म्हणालास. "एकच देल्लं अन् तीन सांगतले."

"तू पाहिलंस?"

"पाहाले काय लागते? दुसरं कारन काय असन? ठोकळे तेच, बियानं तेच, ट्रे तेच."

पाणी तेच नव्हतं. पण ते तुझ्या यादीत नव्हतं, आणि माझ्याही. यमुनाबाई तीस पावलांवर हौदापाशी होती. मी तिच्याशी बोललो नाही.

त्या दिवशी तू खोटं बोललास असं मी म्हणत नाही. तेव्हा तुझा तो समज होता. पण मजकूर छापायच्या आदल्या दिवशी मी तो तुला फोनवर वाचून दाखवला. ही माझी पद्धत तुला माहीत होती. सदराचं शीर्षक होतं 'चोरलेली दोन पाणी'. भुसा नीट का धुवावा हा विषय, आणि उदाहरण म्हणून एका रोपवाटिकेतली बाई, जिनं दोन धुणी वाचवली आणि हजारो रोपं करपवली. नाव दिलं नव्हतं. नाव न देणं म्हणजे सभ्यपणा, असं तेव्हा मला वाटत होतं.

वाचून झालं तरी तू बोलला नाहीस. फोन कटला असं मला वाटलं.

"हॅलो?"

"आयकून राह्यलो. एक चूक हाये."

"कोणती?"

"ट्रेले शंभर कप्पे नसते रे. अठ्ठ्याण्णव असते."

मी शंभर खोडून अठ्ठ्याण्णव केलं. तुझे आभार मानले.

त्या रविवारी वहिनी चहा घेऊन बाहेर आल्या तेव्हा मी त्यांना विचारलं, बोअरचं पाणी खारं आहे हे कधी समजलं?

"पानी तपासाले देल्लं होतं ना त्याईनं. कागद आला नागपंचमीच्या आंधी. माह्या नणंदा आलत्या, त्याईच्यापुढंच फोडला." मग त्या माझ्याकडे बघायला लागल्या. "तुमाले माहीत नोतं? मले वाटलं तुमालेच पयले सांगतलं असन."

"नाही सांगितलं."

त्यांनी कपाटातून फाईल आणली. कागदावर तुझी सही होती, मिळाल्याची. मी तारीख दोनदा वाचली. माझं सदर पोळ्यानंतरच्या सोमवारी छापून आलं. मध्ये तीन आठवड्यांहून जास्त दिवस होते. ज्या दिवशी तू माझे कप्पे दुरुस्त केलेस, त्या दिवशी तो कागद तुझ्या कपाटात होता.

"यमुनाबाईला हे कुणी सांगितलं?"

वहिनींनी पदर नीट केला. "तिले मंग बलावलंच नाही," त्या म्हणाल्या.

चहा खारट नव्हता. टाकीच्या पाण्याचा होता.

सुधाकर, बातमीत दुसरी बाजू मिळाली नाही तर आम्ही एक ठरलेलं वाक्य लिहितो: संबंधितांशी संपर्क होऊ शकला नाही. तुझ्याबाबतीत तेच लिहावं लागतंय. म्हणून तुझी बाजू मीच मांडून पाहिली. बोअर खारं आहे हे कळलं असतं तर तुझ्याकडचं रोप कुणी घेतलं नसतं. बाईची चूक असली की बाई बदलून भागतं. पाण्याची असली की रोपवाटिकेचं नाव जातं. तू घाबरलास. टाकी बांधलीस, मीठ मोजायचं यंत्र घेतलंस, पुढच्या हंगामापासून एक रोप वाया जाऊ दिलं नाहीस. जे दुरुस्त करता येत होतं ते सगळं केलंस. एक फोन करायचा राहिला. आणि तो फोन मीच केला होता. तुला फक्त बोलायचं होतं.

एवढं मांडूनही राग जात नाही. त्यानंतर चार वर्षं माझं तुझ्याकडे येणं झालं नाही, तूच माझ्या कार्यालयात येत होतास, त्याच खिडकीपाशी बसत होतास. माफी मुंगीएवढी मागता म्हणून मला चिडवत होतास. ते चिडवताना तुला काय वाटत होतं, हे मला विचारता येणार नाही. सांगायची संधी शोधत होतास, की मी विचारेन अशी वाट बघत होतास? की तुला काहीच वाटत नव्हतं? तिन्ही शक्यता मी लिहून काढल्या. तिसरी मला खरी वाटत नाही, पण ती खोडण्याइतका पुरावा माझ्याकडे नाही.

मागच्या बुधवारी मी झरी जामणीकडे गेलो. यमुनाबाई आता पोडाजवळच्या वनखात्याच्या रोपवाटिकेत पिशव्या भरते. मातीच्या. तिनं मला ओळखलं.

"पेपरवाले ना तुमी? त्या हिरव्या जायीखाली उभे राहत होते भाऊसंग."

"हो."

"भाऊ गेले म्हणते. वाईट झालं."

मी तिला पाणी तपासल्याच्या कागदाचं सांगितलं. ती ऐकत होती, हात चालूच होते. एक पिशवी भरली, ठोकली, बाजूला ठेवली.

"मी सांगतलं होतं भाऊले. पानी खारं हाये म्हणलं. आमी नाल्याचं पेनारे, आमाले समजते. हासले. म्हणे, यमुना, लहानपनापासून पेतो मी हे पानी, तुमच्या नाल्यात काय साखर टाकते का."

"मग तू काय केलंस?"

"काय करन? तीन पानी देल्ले. मंग चवथं बी देल्लं. म्हणलं निंघन खारटपना. जितकं धुतलं तितकं खारंच झालं." तिनं भरलेली पिशवी ठोकली. "तुमच्यापुढंच तं बोलली मी. भाऊ म्हणे दोन चोरले. मी हौदावरून म्हणलं, चार देल्ले भाऊ, चार. तुमी वहीत लिहून राह्यले होते."

माझ्या टिपणातला एकच 'चार' कुठून आला, ते तेव्हा कळलं. मी तो आकडा ऐकला होता, लिहिला होता, आणि कुणी सांगितला ते लिहिलं नव्हतं. मजकूर लिहिताना तो बाकीच्या टिपणांशी जुळला नाही, म्हणून सोडून दिला.

"पेपरात तुझं नाव नव्हतं," मी म्हणालो. हे वाक्य बोलायला नको होतं.

"नाव नोतं तं मले पानीचोर काहून म्हणे सारे? बाभुळगावात दोन जागी कामाले गेली. तूच का थे, म्हणे. मंग आलो आमी वापस." तिनं पुढची पिशवी घेतली. "आता कायले आले तुमी?"

"चूक छापायची आहे. म्हणजे, चूक झाली हे."

"भाऊले वाईट नका लिहू. वाईट नोते थे. भेले."

"मग काय लिहू?"

तिनं विचार केला. एक पिशवी भरून होईपर्यंत केला.

"चार पानी देल्ले थे लिहा. अन् नाव लिहा. त्या टायमाले नाही लिहलं, आता लिहा. पुरं लिहा."

नवऱ्याचं नाव आणि आडनाव तिनं दोनदा सांगितलं आणि मी वहीत लिहिलेलं वाचून दाखवायला लावलं. वाचून दाखवताना तीही गप्प राहिली, पण दुरुस्ती सांगण्यासारखं काही नव्हतं म्हणून.

येताना मी रस्त्यात गाडी थांबवून थोडा वेळ उभा होतो. तुझी आठवण येत होती, नेहमीसारखीच. दलदलीचे खड्डे कोण भरेल, हे विचारणारा तूच, आणि या बाईच्या नावावर मातीचा एक ढिगारा टाकून चार वर्षं त्यावरून चालणाराही तूच. दोन माणसं असती तर लिहिणं सोपं झालं असतं.

तुला दोन कॉलम कबूल केले होते, फोटो वेगळा. तो शब्द मी मोडतो आहे. यातली अर्धी जागा तुझी नाही, आणि फोटो दिलेला नाही. फोटोच्या जागी खालचा मजकूर आहे, मूळ सदराच्याच पानावर, त्याच आकाराच्या अक्षरात. जागेचा प्रश्न नव्हता. तू म्हणत होतास ते बरोबर होतं.

खुलासा: चार वर्षांपूर्वी या पानावर प्रसिद्ध झालेल्या 'चोरलेली दोन पाणी' या सदरात, नारळाचा भुसा धुताना एका महिलेने दोन धुणी टाळली आणि त्यामुळे मिरचीची रोपे करपली, असे म्हटले होते. ते चूक आहे. रोपे बोअरच्या खाऱ्या पाण्याने करपली. त्या महिलेने पाणी खारे असल्याचे आधीच सांगितले होते. तिने तीन पाणी दिली आणि त्यावर चौथेही दिले. तिचे नाव यमुना लेतू टेकाम. तिने चार पाणी दिल्याचे प्रस्तुत लेखकाने तेव्हाच ऐकले होते आणि छापले नाही. त्या सदरात ट्रेचे कप्पे अठ्ठ्याण्णव असल्याचे म्हटले होते. तेवढे बरोबर आहे.